थर एकसारखा लावायचा आणि एकसारखाच वाळवायचा: कोटिंग लाइनवर उभ्या असणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लाइनवर आम्ही लेबलचा चिकट कागद काढत होतो. सिलिकॉनचा हात दिलेल्या रिलीज कागदावर (ज्यावरून लेबल सहज सुटतं) पाण्यातला अ‍ॅक्रिलिक गोंद लावायचा, तो भट्टीत वाळवायचा, वरून लेबलचा कागद दाबायचा आणि रोल गुंडाळायचा. ग्राहकाची तक्रार आली की रोलच्या डाव्या बाजूची लेबलं बाटलीवर धरत नाहीत, सरकतात. डावीकडे गोंद कमी पडतोय असं आम्ही गृहीत धरलं आणि दोन दिवस डावीकडचा गॅप, म्हणजे गोंद ज्या फटीतून कागदावर उतरतो ती फट, वाढवत राहिलो. तक्रार वाढली. तिसऱ्या दिवशी आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे भाऊच म्हणायचे, ते म्हणाले, "साहेब, गॅपला हात लावायच्या आधी एकदा वजन तर करू या."

गॅप मूळ खुणेवर आणला, लाइन चालवली, कागद भट्टीतून बाहेर येतो तिथे रुंदीभर पाच तुकडे कापले. वजन केलं, प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवले, पुन्हा वजन केलं. कोरडा गोंद पाचही ठिकाणी सारखा होता. डावीकडे जास्तीचं होतं ते पाणी. भट्टीच्या तिसऱ्या झोनमधल्या (टप्प्यातल्या) गरम हवा फेकणाऱ्या नोझलांची डावी बाजू कागदाच्या भुश्श्याने आणि वाळलेल्या गोंदाच्या पापुद्र्यांनी बुजली होती. आम्ही दोन दिवस ओल्या बाजूला आणखी ओलावा घालत होतो.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मुलाला लाइनवर घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला शिकवतो. थर किती लागतोय? रुंदीभर आणि लांबीभर सारखा लागतोय का? सारखा वाळतोय का? तिन्हींची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात, पण उपाय एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. पुढचं सगळं लिखाण या तीन प्रश्नांच्या क्रमाने आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यात लेबल, पाउच, टेप, लॅमिनेट करणाऱ्या लाइनवर जी मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून येतात, ती डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

पहिली पायरी: मशीन सुरू करण्याआधी वहीत हिशेब

कोरडा थर किती ग्रॅम हवा ते ग्राहक सांगतो. ओला किती लावायचा ते आपण काढायचं: कोरडा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) भागिले सॉलिडचं, म्हणजे वाळल्यावर मागे उरणाऱ्या भागाचं, प्रमाण. वरचंच उदाहरण घ्या. कोरडा गोंद २० जीएसएम हवा, गोंदात सॉलिड ५५ टक्के. २० भागिले ०.५५, म्हणजे ओला थर साधारण ३६.४ ग्रॅम. त्यातले १६.४ ग्रॅम पाणी प्रत्येक चौरस मीटरमागे भट्टीला उडवायचं आहे. वेब, म्हणजे लाइनवर धावणारा कागद किंवा फिल्म, १ मीटर रुंद आणि वेग मिनिटाला ६० मीटर असेल, तर तासाला जवळपास ५९ लिटर पाणी. नुसतं त्याची वाफ करायलाच ३८ ते ४० किलोवॅट उष्णता लागते. कागद तापवणं, बाहेर जाणारी गरम हवा, भिंतींतून झिरपणारी उष्णता हे वेगळं.

आता दुसरं उदाहरण, पाउचच्या लॅमिनेशनचं. कोरडा ३ जीएसएम, सॉलिड ३० टक्के, उरलेला इथाइल अ‍ॅसिटेट. ओला थर १० ग्रॅम, त्यातले ७ ग्रॅम सॉल्व्हंट. तेवढ्याच रुंदीवर मिनिटाला १२० मीटर वेगाने तासाला ५० किलो सॉल्व्हंट उडतो. किलोंचा आकडा पाण्याच्या जवळ आहे, पण उष्णता लागते फक्त ५ ते ६ किलोवॅट, कारण इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ पाण्याच्या सुमारे एक षष्ठांश उष्णतेत होते. त्याला लागते ती हवा, आणि किती लागते ते पुढे येईल. पाण्याच्या लाइनला उष्णता कमी पडते आणि सॉल्व्हंटच्या लाइनला हवा कमी पडते, हे वहीतच दिसतं. भट्टीच्या बटणांशी खेळून ते कळत नाही.

वजन कसं करायचं

रुंदीभर निदान पाच ठिकाणी, दोन्ही कडांपासून ३ ते ४ सेंटीमीटर आत येऊन, १०० चौरस सेंटीमीटरच्या गोल कटरने तुकडे कापा. ०.००१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. आकड्याला १०० ने गुणलं की जीएसएम. मग तो थर योग्य सॉल्व्हंटने पूर्ण पुसून काढा, तुकडा सुकवा, पुन्हा तोला. फरक म्हणजे तुमचा कोरडा थर. नुसतं कोटिंग केलेल्या फिल्मचं वजन करून त्यातून कंपनीच्या लेबलवरचा फिल्मचा जीएसएम वजा करणं मला मान्य नाही. फिल्म स्वतःच रुंदीभर दोन-चार टक्के इकडेतिकडे असते, आणि ३ ग्रॅमच्या थरात तेवढा फरक सगळं चित्र बिघडवतो.

कागदावर ही युक्ती अवघड जाते, कारण कागद हवेतला ओलावा धरतो आणि सोडतो. तिथे मी वेबवर आडवी पॉलिएस्टर फिल्मची पट्टी चिकटवून ती लाइनमधून काढतो आणि पट्टीवरच वजन करतो. भट्टीतून बाहेर येताच तुकडे काचेच्या झाकणबंद डबीत टाका. पावसाळ्यात उघड्यावर दोन मिनिटं ठेवलेला कागदाचा तुकडा काट्यावर वेगळंच वजन दाखवतो.

पाच आकडे तारखेसकट, रोल नंबरसकट वहीत लिहा. पाच आकड्यांची रेषा एका बाजूला उतरती असेल तर गॅप किंवा दाब तिरका आहे. मध्ये फुगीर किंवा खोलगट असेल तर रोलर वाकतोय. एकच आकडा वेडावाकडा असेल तर घाण, ओरखडा किंवा बोल्ट. एवढं निदान केल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

दुसरी पायरी: वेब स्वतः सपाट आहे का

वेब म्हणजे रोलवरून उलगडत सतत धावणारा कागद, फिल्म किंवा फॉइल. पुष्कळ वेळा कोटिंग हेडला (थर लावणाऱ्या भागाला) दोष दिला जातो आणि खोट वेबमध्ये असते. तीन-चार मीटर वेब दोन रोलरांमध्ये हलक्या ताणावर धरा आणि कडेने डोळा लावून पाहा. एखादी पट्टी खाली झोळ खात असेल तर ती पट्टी कोटिंग रोलरवर नीट टेकत नाही, आणि तिथे थर वेगळाच पडतो. ताण वाढवला की झोळ दिसेनासा होतो, पण भट्टीत फिल्म नरम पडली की तो परत येतो.

ताणाचा अंदाज: १२ मायक्रॉन पॉलिएस्टरला १ मीटर रुंदीमागे साधारण ४ ते ८ किलो पुरतो. भट्टीतला ताण कोटिंगच्या ताणापेक्षा वेगळा ठेवता आला पाहिजे, म्हणजे मध्ये वेबला चिमटीत धरणारा निप रोलर हवा. बीओपीपी (दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) गरम असताना ओढली की लांबते आणि थंड झाली की आकसते, आणि मग छपाईचं रजिस्टर (रंगांची जागेवर जुळणी) जुळत नाही.

रोलर समांतर आहेत का हे दर सहा महिन्यांनी तपासा. एखादा आयडलर (मोटर नसलेला, वेबच्या ओढीने फिरणारा रोलर) जाम फिरत असेल तर तो वेबला घासतो, ओरखडे पाडतो आणि स्थिर वीज वाढवतो. हाताने फिरवून पाहा. निरोगी आयडलर सोडल्यावर बराच वेळ फिरत राहतो.

आणि पृष्ठभाग. द्रव पसरायचा असेल तर फिल्मचा पृष्ठताण द्रवापेक्षा जास्त हवा. पॉलिप्रॉपिलीन कोरोना ट्रीटमेंटशिवाय (पृष्ठभागावर विजेचा झोत दिल्याशिवाय) ३० डाइनच्या (डाइन हे पृष्ठताणाचं माप) आसपास असते आणि कोटिंगसाठी ती ३८ तरी लागते. डाइन पेनने रेघ मारा. दोन सेकंद अखंड राहिली तर ठीक, थेंबाथेंबांत तुटली तर नाही. ट्रीटमेंट दिवसागणिक उतरते, त्यामुळे गोदामात सहा महिने पडलेल्या रोलची पावती पाहू नका, पेन लावा. सिलिकॉनच्या रिलीज कागदावर तर पाण्यातला गोंद मुळात पसरायलाच तयार नसतो, कडेपासून गोळा होऊ लागतो. म्हणून त्यात वेटिंग एजंट (द्रव पसरवणारं रसायन) घालतात. तो गरजेपेक्षा जास्त पडला की चिकटपणा मारतो, त्यामुळे मापूनच घाला.

तिसरी पायरी: थर लावणारं हेड

सगळ्या पद्धती दोन घराण्यांत बसतात. एका घराण्यात जास्तीचा द्रव लावायचा आणि मग खरवडून, निथळवून हवा तेवढा ठेवायचा: ग्रॅव्ह्युअर, तारेचा रॉड, कॉमा, रिव्हर्स रोल. दुसऱ्या घराण्यात पंपाने मोजूनच द्यायचा आणि दिलेला सगळा वेबवर गेला पाहिजे: स्लॉट डाय (अरुंद फटीतून द्रव सोडणारा), कर्टन (पडद्यासारखा द्रव पाडणारा). पहिल्यात थर व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा), वेग, गॅप या सगळ्यांवर अवलंबून असतो. दुसऱ्यात सरासरी थर फक्त पंपावर आणि वेगावर ठरतो.

ग्रॅव्ह्युअरमध्ये सिलिंडरवरच्या खळ्या द्रव भरून घेतात, डॉक्टर ब्लेड वरचा पुसते, रबर रोलर वेबला खळ्यांवर दाबतो. खळ्यांतला सगळा द्रव बाहेर येत नाही, साधारण निम्मा येतो. वरच्या लॅमिनेशनच्या उदाहरणात १० ग्रॅम ओला थर हवा, म्हणजे सिलिंडरचं आकारमान चौरस मीटरला २० घनसेंटीमीटरच्या आसपास निवडावं लागेल. सिलिंडर नवा असताना कोटिंग बरोबर येतं आणि वर्षभराने कमी पडतं, कारण ब्लेडने खळ्या घासून उथळ झालेल्या असतात किंवा वाळलेल्या गोंदाने बुजलेल्या असतात. आधी नीट धुवा, मग शंका घ्या.

ट्रेमध्ये सॉल्व्हंट सतत उडत असतो. सकाळी बी ४ कपमध्ये (द्रव भोकातून निथळायला लागणाऱ्या सेकंदांवरून दाटपणा सांगणारा कप) १७ सेकंद आलेलं अ‍ॅढेसिव्ह दुपारी २१ वर जातं, सॉलिड वाढतं आणि थर जाड होतो. दर अर्ध्या तासाने कप लावा, तापमानही लिहा. सॉल्व्हंट एकदम अर्धी बादली ओतू नका, थोडा थोडा ढवळत घाला. ट्रे झाका, द्रव फिरता ठेवा, परतीच्या वाटेवर २०० मेशची जाळी लावा.

तारेच्या रॉडचं गणित सोपं आहे. ओला थर तारेच्या जाडीच्या साधारण एक दशांश येतो. ०.३६ मिलिमीटर तारेचा रॉड ३६ मायक्रॉनच्या जवळ देईल. छोट्या युनिटसाठी मला ही पद्धत फार आवडते, कारण रॉड स्वस्त असतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात. द्रव मात्र पातळ आणि स्वच्छ हवा, आणि तारेच्या रेघा पसरून सपाट व्हायला भट्टीआधी थोडं अंतर मिळायला हवं.

कॉमा किंवा चाकू गॅपवर चालतो. थर गॅपच्या साधारण निम्मा पडतो, त्यामुळे ३६ मायक्रॉनच्या थराला वेबवरचा गॅप ७० मायक्रॉनच्या घरात येतो. आता विचार करा, बॅकिंग रोलर ५ मायक्रॉनने डगमगत असेल तर दर फेऱ्याला थर सात टक्के वरखाली होणार. म्हणून कॉमाच्या लाइनवर डायल गेज लावून रोलरचा रनआउट (फिरतानाची डगमग) पाहणं हे मी चाकूची धार पाहण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. रोलर गरम झाल्यावर पुन्हा पाहा, थंड असतानाचं माप खोटा धीर देतं.

स्लॉट डाय सगळ्यांत अचूक आणि सगळ्यांत हट्टी. आपल्या ३६ मायक्रॉनच्या थराला १ मीटर रुंदी आणि मिनिटाला ६० मीटर वेगावर पंपाने मिनिटाला जवळपास २.२ लिटर द्यायचे. पंपाखाली बादली धरून स्टॉपवॉचने खात्री करा. पंपाच्या स्क्रीनवरचा आकडा पुरावा नव्हे. पण सरासरी बरोबर असली तरी रुंदीभराचं वाटप फटीवर ठरतं, आणि फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. फट ५ टक्के मोठी झाली की तिथून १५ टक्के जास्त द्रव येतो. २५० मायक्रॉनच्या फटीत ५ मायक्रॉनचा फरक म्हणजे सहा टक्के थर. म्हणून डाय साफ करताना स्टीलची पट्टी लावू नका, पितळ किंवा प्लास्टिक वापरा. ओठाला पडलेला एक टवका आयुष्यभर रेघ देतो. बोल्ट फिरवायचे तर एक बोल्ट, थोडासा, आणि मग नवा थर भट्टीतून बाहेर येईपर्यंत थांबा. शेजारच्या दोन बोल्टांच्या जागेवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून घाईने तीन बोल्ट फिरवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत मूळ जागा सापडत नाही. डाय फक्त कामाच्या तापमानाला आल्यावरच जुळवा.

चौथी पायरी: दोषांचं अंतर मोजा

वेबवरचा दोष दिसला की पहिलं हत्यार मोजपट्टी. लांबीच्या दिशेने, एकाच जागी, अखंड रेघ असेल तर ब्लेडखाली किंवा डायच्या ओठावर कण अडकला आहे. ब्लेड डावी-उजवीकडे हलतं त्यासोबत रेघही हलत असेल तर दोष ब्लेडवर, जागेवरच राहिली तर सिलिंडरवर किंवा वेबवर.

ठरावीक अंतराने येणारा ठिपका रोलरवरचा असतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा परीघ ६२८ मिलिमीटर. प्रत्येक रोलरचा परीघ फळ्यावर लिहून ठेवा, दोन मिनिटांत गुन्हेगार सापडतो.

रुंदीभर आडवे पट्टे असतील तर कंपन आहे. मिनिटाला ६० मीटर म्हणजे सेकंदाला १ मीटर. पट्टे ४१-४२ मिलिमीटरवर येत असतील तर सेकंदाला २४ वेळा काहीतरी हादरतंय. आणि १४४० आरपीएमची मोटर सेकंदाला बरोबर २४ फेरे फिरते. लाइनचा वेग दुप्पट केल्यावर पट्ट्यांचं अंतरही दुप्पट झालं, तर तो हादरा लाइनबाहेरून येतोय, बहुधा ब्लोअरमधून. अंतर तेवढंच राहिलं तर लाइनसोबत फिरणारा गिअर किंवा रोलर बघा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. महिनाभर बेअरिंगं बदलल्यानंतर एका दुपारी मोजपट्टीने शिकवलं.

रुंदीवर एकसारख्या अंतराने, वेबच्या दिशेने नागलीच्या शेतातल्या सरींसारख्या रेघा दिसल्या तर त्याला रिबिंग म्हणतात. दोन रोलरांच्या फटीत द्रव फाटताना हे होतं. वेग किंवा व्हिस्कॉसिटी जास्त, पृष्ठताण कमी, की रिबिंग वाढतं. मुख्य उपाय तीन: वेग कमी, व्हिस्कॉसिटी कमी, किंवा एक रोलर उलट्या दिशेने फिरवणं. रोलर कितीही साफ केले तरी ते जात नाही.

पाचवी पायरी: वाळवणं

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात कोटिंगच्या नावावर खपवले जाणारे निम्मे दोष भट्टीतले असतात.

माठातलं पाणी उन्हाळ्यात गार का राहतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. बाहेरून पाझरणारं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. भट्टीतला ओला थर हाच माठ आहे. हवा १०० अंशांची असली तरी थर ओला असेपर्यंत तो ३५ ते ४० अंशांच्या वर जात नाही. उष्णता येते तेवढी पाण्याच्या वाफेत निघून जाते. पाणी संपत आलं की मग वेबचं तापमान झपाट्याने चढू लागतं. ती चढण जिथे सुरू होते ती जागा शोधा. भट्टीच्या झडपांमधून इन्फ्रारेड गनने कागदाचं तापमान झोनझोनने घ्या आणि वहीत आलेख काढा. चार झोनच्या भट्टीत ती चढण तिसऱ्या झोनच्या शेवटी यावी. चौथ्या झोनच्या अगदी शेवटी आली तर तुम्ही कड्यावर उभे आहात, हवेतला ओलावा थोडा वाढला की माल ओला निघेल. दुसऱ्याच झोनमध्ये आली तर उरलेल्या वाटेत तुम्ही फक्त कागद जाळताय आणि इंधनही.

पारदर्शक पातळ फिल्मवर ही गन फसवते. तिला फिल्मऐवजी मागचा रोलर दिसतो. तिथे रंग बदलणाऱ्या तापमान पट्ट्या चिकटवून फिल्म भट्टीतून काढा.

आता झोनचं तापमान. नवा माणूस पहिल्या झोनमध्येच तापमान चढवतो, कारण तिथे सगळ्यात जास्त ओल असते. मग थराच्या वर साय धरते, दुधावर धरते तशी. खालचं पाणी किंवा सॉल्व्हंट अडकतो, पुढच्या झोनमध्ये उकळतो आणि सायीखालून फोड काढतो. द्राक्षाचा बेदाणा करणाऱ्या शेतकऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. द्राक्षाच्या सालीवरचं मेण पाणी अडवतं, म्हणून तो घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतो, साल पाण्याला वाट देते, आणि मग शेडच्या सावलीत वाऱ्यावर वाळवतो. कडक उन्हात नाही. आपल्यालाही थराची वरची साल उशिरापर्यंत उघडी ठेवायची आहे.

म्हणून चढता क्रम: पाण्यातल्या गोंदाला साधारण ७०, ९०, १०५ अंश, आणि शेवटी थंड रोलर. बीओपीपीवरच्या सॉल्व्हंट अ‍ॅढेसिव्हला ५५, ६५, ७५. पॉलिएस्टर थोडं जास्त सोसतं. ही सुरुवातीची मापं आहेत, तुमच्या भट्टीची लांबी आणि वेग यांवरून पुढची तुम्ही ठरवाल.

तापमानाइतकीच हवा महत्त्वाची. पहिल्या झोनमध्ये थर अजून पातळ असतो. जोराची हवा त्याला ढकलते आणि ढगांसारखे डाग उमटतात. तिथे नोझलची हवा मंद ठेवा. थर घट्ट झाला की पुढच्या झोनमध्ये २० ते ३० मीटर प्रति सेकंद वेगाची हवा देता येते. कडेला जाड पट्टी येत असेल तर तीही बऱ्याचदा वाळण्यातून आलेली असते. कड पातळ असते, ती आधी वाळते, तिथे पृष्ठताण वाढतो आणि तो मधला द्रव कडेकडे ओढून घेतो. पहिला झोन मंद केला की ती कमी होते.

रुंदीभर हवा सारखी आहे का हे तपासायला अ‍ॅनिमोमीटर लावा. प्रत्येक नोझलवर पाच जागा, दोन्ही बाजूंना आणि मध्ये. दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर आधी फिल्टर, मग नोझलची फट, मग दाराचं गॅस्केट. आमच्या त्या जुलैच्या रोलमध्ये डावीकडचा आकडा उजव्याच्या निम्मा होता. हातमोजा घालून ब्रशने दोन तास काम केलं आणि तक्रार संपली. तेव्हापासून नोझल साफ करणं महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठरलेलं आहे.

सॉल्व्हंट असेल तर हवा आधी, बचत नंतर

या भागात माझं मत पक्कं आहे आणि ते मी कुणाच्याही समोर बोलतो. इंधन वाचवण्यासाठी बाहेर जाणाऱ्या हवेचा डँपर (झडप) हिशेब न करता कुणीही दाबू नये.

इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ हवेत २ टक्के झाली की ठिणगीने पेटू शकते. भट्टीत ती त्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याच्या खाली, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेवायची असते. नाशिकच्या उंचीवर एक किलो इथाइल अ‍ॅसिटेटला त्यासाठी ५५ ते ६० घनमीटर ताजी हवा लागते. आपल्या उदाहरणातल्या तासाला ५० किलोंना सुमारे ३००० घनमीटर. गरम हवेत पेटण्याची मर्यादा आणखी खाली येते, म्हणून वर राखीव ठेवा. फिरती हवा यात धरायची नाही, बाहेर फेकली जाणारी हवाच मोजायची.

भट्टी आतून किंचित ओढ घेणारी हवी. वेब जिथून आत शिरतो त्या फटीशी कागदाची बारीक पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. बाहेर फडफडली तर सॉल्व्हंट तुमच्या शिफ्टच्या माणसांच्या नाकात जातोय. एक्झॉस्ट पंखा बंद पडला की लाइन आपोआप थांबली पाहिजे, आणि हे इंटरलॉक महिन्यातून एकदा मुद्दाम पंखा बंद करून पाहायचं. सुरू करताना हीटर लावण्याआधी भट्टीच्या आकारमानाच्या किमान चार पट हवा बाहेर काढा. ड्रम, ट्रे, पंप, सगळ्यांना अर्थिंग. कोटिंग हेडच्या आधी स्टॅटिक बार (स्थिर वीज घालवणारी पट्टी), आणि तो आठवड्यातून एकदा पुसलेला.

नाशिकची हवा आणि आपली लाइन

शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. ब्लोअरच्या कॅटलॉगमधला आकडा समुद्रसपाटीचा असतो, त्यामुळे मुंबईच्या कारखान्यात चाललेली भट्टी इथे तेवढ्याच घनमीटरमध्ये थोडी कमी उष्णता वाहून नेते. मशीन घेताना पुरवठादाराला हे सांगा.

एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा एक किलो हवेत ६-७ ग्रॅम पाणी असतं. जुलैत २५ अंश आणि ९० टक्के असते तेव्हा तेच १८ ते २० ग्रॅम. पाण्यातल्या गोंदाची लाइन पावसाळ्यात हळू चालते ती यामुळे. बाहेर जाणारी हवा थोडी वाढवा, वेग पाच-दहा टक्के उतरवा, आणि कोरडं होण्याची जागा पुन्हा मोजा.

सॉल्व्हंटच्या लाइनला पावसाळा वेगळा छळतो. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना थर इतका गार पडतो की हवेतला ओलावा त्यावर साचतो आणि लॅकर पांढरट होतं. हळू उडणारा सॉल्व्हंट थोडा मिसळा आणि कोटिंग हेडभोवतीची हवा कोरडी ठेवा. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन अ‍ॅढेसिव्हमध्ये तर पाणी थेट हार्डनर (गोंद पक्का करणारा घटक) खातं, कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सुटतात आणि लॅमिनेट दोन दिवसांनीही चिकचिकीत राहतं. इथाइल अ‍ॅसिटेट मागवताना पाण्याचं प्रमाण ०.०५ टक्क्यांच्या आत आहे ना ते प्रमाणपत्रात बघा, आणि हार्डनरचा डबा उघडा ठेवून चहाला जाऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. रात्रभर आवारात उभ्या ड्रमातलं अ‍ॅढेसिव्ह कपमध्ये दुप्पट वेळ घेतं. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर ते पातळ करायला सॉल्व्हंट ओततो, दहा वाजेपर्यंत द्रव खोलीच्या तापमानाला येतो, आणि मग दिवसभर थर हलका पडतो. ड्रम आदल्या संध्याकाळी आत घ्या, २५ अंशांना येऊ द्या, मग कप लावा. त्याच कोरड्या थंडीत स्थिर वीज सगळ्यात जास्त साचते, म्हणून अर्थिंगची तपासणी मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करून घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नोझल, फिल्टर आणि पाच जागांची वजनं.